रात्रीचं मलम : कायटोसान प्रकल्पाच्या नोंदी

6 जानेवारी, रबाळे
कोळंबीच्या सालीपासून काढलेल्या कायटोसानचं 100 ग्रॅमचं सॅम्पल आज लॅबमध्ये आलं. फिकट पिवळट पापुद्रे, वास जवळजवळ नाही. सोबतच्या माहितीपत्रकावर 'स्किन बॅरियर' हे शब्द चार ठिकाणी ठळक छापलेत. बॅरियर म्हणजे नेमकं काय अडवतं, ते कुठेही लिहिलेलं नाही. त्वचेतलं पाणी बाहेर जाणं अडवतं, बाहेरचा साबण आत जाणं अडवतं, की जंतू अडवतं? तिन्ही कामं वेगळी आहेत आणि तिन्हींसाठी पदार्थही वेगळे लागतात.

हातांसाठी मलम करायचं दिवाळीपासून मनात आहे, आणि ते कोणाच्या हातांसाठी हेही ठरलेलं आहे. त्यामुळे पहिला प्रश्न हाच: हा शब्द खरा आहे का?

9 जानेवारी, दिवाळे
बेलापूरला उतरून सकाळी साडेसहाला दिवाळ्याच्या मासळी बाजारात गेले. ओळखीच्या मावशी कोळंबी सोलत होत्या. डाव्या हातात कोळंबी, उजव्याच्या अंगठ्याने डोकं मोडायचं, मग पोटाकडून साल उलगडायची, की एका ओढीत सगळं बाहेर. मोजलं तर एका कोळंबीला तीन सेकंदही लागत नव्हते. बाजूला घमेल्यात सालं आणि डोकी, त्याच्या शेजारी बर्फाचं पाणी.

त्यांनी हात पुढे केला. उजव्या अंगठ्याचं टोक पाण्याने पांढरं पडून सुरकुतलेलं, नखाच्या मुळाशी साल निघालेली, तर्जनीच्या पेरावर दोन आडव्या चिरा. कोळंबीच्या डोक्यावरचा करवतीसारखा काटा नेमका तिथेच टोचतो. "दिवसभर बर्फात हात, रात्री मिरची वाटाया घेतली की डोळ्यातनं पानी येतं बाय," म्हणाल्या. उपाय म्हणून रात्री खोबरेल लावतात. हातमोजे घालून पाहिले, पण आतमध्ये घाम येतो आणि काटा रबर फाडतो.

येताना किलोभर सालं पिशवीत घेतली. त्या पैसे घेईनात.

11 ते 16 जानेवारी
स्वतः काढून पाहिल्याशिवाय पदार्थ कळत नाही, म्हणून हा आठवडा त्यातच गेला.

किलोभर ओली सालं धुऊन वाळवली, 230 ग्रॅम उरली. त्यातली 100 ग्रॅम घेतली. पहिली पायरी आम्लाची. कोळंबीच्या सालीत तीन गोष्टी एकमेकींत विणलेल्या असतात: कॅल्शियम कार्बोनेट, प्रथिनं आणि कायटिन. 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात चुना विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. आम्ल एकदम ओतलं असतं तर बीकर नक्की उतू गेला असता. आमच्या लॅबमधल्या मुलाने थोडं थोडं सोडलं, तरी गुलाबीसर फेस काठापर्यंत आला. अर्ध्या तासाने हात घालून पाहिलं, तर मघाशी कुरकुरणारी साल ओल्या प्लास्टिकसारखी लुळी झाली होती.

दुसरी पायरी 4 टक्के कॉस्टिक सोड्यात, 70 अंशांवर दोन तास. प्रथिनं इथे सुटतात. पाणी गढूळ नारिंगी झालं आणि वास जिन्यापर्यंत गेला. मजल्यावरच्या दुसऱ्या गाळ्यातले लोक विचारायला आले. नारिंगी रंग अस्टाझँथिन या रंगद्रव्याचा, तो ॲसिटोनने काढला. उरलं ते कायटिन, 19 ग्रॅम, कागदासारखं पांढरट.

तिसरी पायरी अवघड. 50 टक्के कॉस्टिक, 100 अंशांच्या वर, चार तास. कायटिनच्या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक कडीवर ॲसिटाइल गट लटकलेला असतो. कॉस्टिक तो तोडतं आणि मागे उघडा अमाइन गट राहतो. पुष्कळशा कड्यांवरचा गट निघाला की तेच कायटोसान. 1859 साली रूझे या फ्रेंच माणसाने कायटिन कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळलं आणि ते आम्लात विरघळतंय हे पाहिलं. आपण आजही तेच करतो, फक्त मोजमाप चांगलं झालंय.

धुण्यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला. पीएच सातवर यायला जवळजवळ चाळीस लिटर पाणी लागलं, तेही साडेचौदा ग्रॅम मालासाठी. ते पाणी तसंच मोरीत सोडणं मला जमणार नव्हतं. आम्लाचं आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र करून पीएच सात केला, गाळ वेगळा काढला आणि ड्रम भरून ठेवले. ठाण्याची खाडी इथून हाकेच्या अंतरावर आहे. फ्लेमिंगोंसाठी 2022 मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि मावशींची जाळीही तिच्याच पाण्यात पडतात. 'टाकाऊपासून टिकाऊ' असं कायटोसानबद्दल लिहिताना या चाळीस लिटरांचाही हिशेब सोबत द्यायला हवा.

20 जानेवारी
विरघळण्याची परीक्षा. 1 टक्का ॲसेटिक आम्लात घरचं कायटिन तळाशी तसंच बसून राहिलं. घरचं कायटोसान फुगलं, मग पारदर्शक झालं, पण जेलीचे काही दाणे काही केल्या विरघळेनात. तिथे ॲसिटाइल गट पुरते निघालेले नाहीत. टायट्रेशन दोनदा केलं, दोन्ही वेळा डीॲसिटायलेशन, म्हणजे ॲसिटाइल गट निघालेल्या कड्यांचं प्रमाण, 76 ते 78 टक्क्यांच्या मध्ये आलं. सप्लायरच्या मालाच्या सर्टिफिकेटवर 90 च्या वर आहे, आणि आमच्या टायट्रेशनलाही 91 मिळालं.

निर्णय: मलमात घरचं कायटोसान वापरायचं नाही. त्यात किती प्रथिन उरलंय आणि जड धातू किती आहेत, हे मला इथे तपासता येत नाही. भेगाळलेल्या हातावर लावायच्या वस्तूत असा अंदाज चालणार नाही. घरच्या बाटलीवर 'शिकण्यासाठी' अशी चिठ्ठी चिकटवली.

28 ते 30 जानेवारी
या प्रकल्पातले सगळ्यात कामाचे तीन दिवस.

बारा छोटे काचेचे कप घेतले. प्रत्येकात सारखं पाणी, तोंडावर फिल्टर पेपर ताणून कडेने सील. तीन कप नुसत्या कागदाचे. तिनांवर 2 टक्के कायटोसान लावून वाळवलेला थर. तिनांवर पांढरी पेट्रोलियम जेली. उरलेल्या तिनांवर खोबरेल, कारण मावशी तेच लावतात. सगळे सिलिका जेलच्या डब्यात ठेवून 24 तासांनी वजन केलं.

पाणी उडालं ते असं, तीन कपांची सरासरी: नुसता कागद 6.2 ग्रॅम, कायटोसान 5.3, खोबरेल 3.9, पेट्रोलियम जेली 0.8.

आकडे बघून मी वजनकाटा पुन्हा शून्य करून परत मोजलं. फरक पडला नाही. नीट विचार केला तर आश्चर्य वाटायला नको होतं. कायटोसान पाणी ओढून घेणारा पदार्थ आहे. त्याचा थर कोरड्या हवेत ऑक्सिजन चांगला अडवतो, तेल-तूपही अडवतो, म्हणून फळांवर लेप द्यायला तो वापरतात. पाण्याची वाफ मात्र त्यातून निघून जाते. त्वचेच्या बाबतीत बॅरियर म्हणताना आपल्याला तीच वाफ अडवायची असते.

त्वचेचा स्वतःचा बॅरियर म्हणजे सगळ्यात वरचा, बहुतेक ठिकाणी कागदाहून पातळ असा मृत पेशींचा थर. पेशी विटांसारख्या, आणि मधला चुना-गारा स्निग्धांचा: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. दिवसभर बर्फाचं पाणी, मीठ आणि धुण्याचा साबण यांत हा गाराच वाहून जातो. कायटोसान तो गारा भरून काढू शकत नाही. 500 डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) वरचे रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाहीत, आणि कायटोसानचा रेणू हजारो-लाखो डाल्टनचा असतो. तो वरच बसणार.

मग त्याचा उपयोग काय? अमाइन गटांमुळे आम्लात त्याच्यावर धन भार येतो. त्वचेचा आणि केसांचा पृष्ठभाग ऋण भाराचा. म्हणून तो चिकटून बसतो, नुसत्या पाण्याने लगेच सुटत नाही. बोटावर एक थेंब वाळवून पाहिला: पातळ, ताणलेला, दिसेल न दिसेल असा पापुद्रा. याने पाणी अडणार नाही, पण पाणी अडवणारा पदार्थ हातावर टिकवून धरायला याची मदत होईल का?

प्रश्न बदलला. आता हाच प्रकल्प.

8 फेब्रुवारी
बॅच 3 वाया गेली, चूक माझी.

तेलाचा भाग: पेट्रोलियम जेली, कोकमाचं तूप, सिटोस्टिअरिल अल्कोहोल आणि जीएमएस (ग्लिसरिल मोनोस्टिअरेट). पाण्याचा भाग: लॅक्टिक आम्लात विरघळवलेलं कायटोसान आणि ग्लिसरीन. दोन्ही 72 अंशांवर एकत्र केले. पहिली दोन मिनिटं सुंदर पांढरं दूध, नंतर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या, आणि स्टिररच्या दांड्यावर चिकट धागे गुंडाळले गेले. मुलगा म्हणाला, "ताई, पनीर झालं."

पिशवीवरचं लेबल पाहिलं. जीएमएस एसई. साधं जीएमएस मागवलं होतं, आणि पिशवी उघडताना मी पुढची दोन अक्षरं वाचली नव्हती. एसई म्हणजे स्वतःच इमल्शन करणारं, तेल-पाणी एकजीव करणारं, म्हणजे त्यात थोडा साबण, पोटॅशियम स्टिअरेट मिसळलेलं असतं. साबण ऋण भाराचा, कायटोसान धन भाराचं, दोघं एकमेकांना घट्ट धरून पाण्याबाहेर पडतात. त्यात पीएच 5 ला साबणाचं स्टिअरिक आम्ल होऊन इमल्शनही फुटतं. घट्टपणा आणणारे कार्बोमर आणि झँथन गम बाद करण्याचं कारण हेच होतं, तेही ऋण भाराचे. ते लक्षात होतं, पण साबण मागच्या दाराने आत आला.

आता कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत: या प्रकल्पात ऋण भाराचं काहीही नको.

15 फेब्रुवारी
बॅच 4 जमली. पेट्रोलियम जेली 12 टक्के, कोकमाचं तूप 5, ग्लिसरीन 8, कायटोसान 0.6, इमल्सिफायर पूर्णपणे भाररहित, प्रिझर्व्हेटिव्ह फिनॉक्सिइथेनॉल. पीएच 5.1, त्वचेच्या स्वतःच्या पीएचच्या जवळपास. साडेसहाच्या वर गेला तर कायटोसान बाहेर पडेल, म्हणून पीएच मीटर रोज सकाळी ठरावीक पीएचच्या बफर द्रावणाला लावून घ्यायचा.

कोकमाचं तूप मुद्दाम घेतलं. ते घट्ट असतं, अंगाच्या उबेच्या आसपास वितळतं, आणि कोकणात भेगांवर लावण्याचा रिवाज जुना आहे. आमच्या घरी आजी कोकमाची वडी चुलीपाशी धरून टाचेवर फिरवायची. तरी स्वतःला सांगून ठेवते: त्यातही सेरामाइड नाही. मऊपणा येईल, गारा भरला जाणार नाही.

कायटोसान जंतूंना थोडंफार रोखतं म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह वगळा, असा सल्ला एका ओळखीच्याने दिला. नाही वगळणार. ओले हात रोज डबीत जाणार आहेत.

24 फेब्रुवारी
बाहेरच्या लॅबमधून जंतूंच्या तपासणीचा अहवाल आला, ठीक आहे. माझ्या दंडावर 48 तासांची पॅच टेस्ट केली, काही नाही.

आता ॲलर्जीचा विषय, आणि हा मला हलका घ्यायचा नाही. कोळंबीची ॲलर्जी मुख्यतः तिच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची, कायटिनची नव्हे. नीट शुद्ध केलेल्या कायटोसानमध्ये प्रथिन जवळजवळ उरत नाही. पण 'जवळजवळ' हा शब्द कोळंबी सोलणाऱ्या बाईला कसा सांगायचा? तिची त्वचा आधीच फाटलेली, त्यातून प्रथिन रोज आत जातं. काहींना कोळंबी हातात घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत खाज सुटते, गांधी उठतात. त्यांना हे मलम द्यायचंच नाही, त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. सप्लायरकडून उरलेल्या प्रथिनाचा आकडा लेखी मागवला.

2 मार्च, दिवाळे
आठ जणींशी बोलले. मलम कशाचं आहे ते आधी सांगितलं. सगळ्या हसल्या. "म्हंजे आमचीच सालं आमच्याच हाताला?" एकीने विचारलं. दोघींना सोलताना खाज येते असं कळलं, त्यांना वगळलं. त्यातल्या एकीला वाईट वाटलं. तिला साधी पेट्रोलियम जेली दिली आणि का, तेही समजावलं. उरल्या सहा. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस थांबायचं ठरलं.

11 मार्च
मावशींचा सकाळी फोन. "बाय, हाताचा मळ निघतंय!"

गेले आणि पाहिलं. काम सुरू करायच्या आधी त्यांनी मलम लावलं होतं, मग कपडे धुण्याच्या साबणाने हात धुतले. तळहातावर खोडरबराच्या भुकटीसारख्या राखाडी वळ्या. साबण अल्कलीचा, त्यात तो कायटोसानचा थर आम्लातून बाहेर येतो, वर साबणाचे ऋण रेणू त्याला धरतात. म्हणजे बॅच 3 चं पनीर, यावेळी मावशींच्या तळहातावर. लॅबमध्ये हात साध्या पाण्याने धुऊन पाहिले होते. दिवाळ्यात कोण साध्या पाण्याने हात धुतं? मासळीचा वास त्याने जात नाही. ही चाचणी मला आधी सुचायला हवी होती.

दोन बदल. कायटोसान 0.6 वरून 0.3 टक्क्यांवर, आणि कमी रेणूभाराचा माल. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा: हे कामावर लावायचं मलमच नाही. बर्फाच्या पाण्यात चार तास टिकेल असं मलम मी देऊ शकत नाही, आणि तसं भासवणंही चुकीचं. हे रात्रीचं मलम. सगळं आवरलं, हात धुतले, पुसले, मग झोपायच्या आधी.

23 मार्च
आणखी एक उणीव सापडली. बरं वाटलं तरी ते कायटोसानमुळे की पेट्रोलियम जेलीमुळे, हे कसं कळणार? तेच मलम कायटोसानशिवाय केलं. लाल झाकण आणि पांढरं झाकण. कोणत्यात काय, हे फक्त मुलाला ठाऊक, मला नाही.

सोलताना उजव्या हाताची झीज जास्त, म्हणून तिघींना लाल उजव्या हाताला, तिघींना डाव्याला. अडचण अशी की एका हाताला लावताना दुसऱ्या हाताची बोटं बरबटतात. आइस्क्रीमचे लाकडी चमचे वाटले. प्रत्येकीच्या पेरांचे फोटो पहिल्या दिवशी आणि दर आठ दिवसांनी, एकाच खिडकीच्या उजेडात.

6 एप्रिल, घर
सासूबाई माळकरी. टेबलावरची डबी उघडून टाचेला लावणारच होत्या. हात धरून सांगितलं, कोळंबीच्या सालीचं आहे. त्यांनी डबी बंद केली, हात धुतले, रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "डबीवर लिही गं. प्रत्येक वेळी तू शेजारी नसशील."

डबीवर लाल ठिपका आणि 'कोळंबीच्या कवचापासून' हे शब्द, तेही समोर, मागच्या बारीक अक्षरांत नाही. हे आज पक्कं.

त्यांच्यामुळे बुरशीचं कायटोसानही मागवलं. ॲस्परजिलस नायजर ही काळ्या रंगाची बुरशी, जिच्यापासून सायट्रिक आम्ल करतात, तिच्याही पेशींच्या भिंतीत कायटिन असतं. खरं तर 1811 मध्ये ब्राकोनो यांना हा पदार्थ पहिल्यांदा मिळाला तो अळंबीतच, कवचाचा शोध नंतरचा. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांचाही प्रश्न यातून सुटेल. भाव मात्र पाहून छाती दडपली.

24 एप्रिल, दिवाळे आणि रबाळे
चार आठवडे पूर्ण. एकीने मध्येच सोडलं, घरी लग्न होतं. पाच जणींचे फोटो लॅबच्या टेबलावर मांडले, मुलाने चिठ्ठी उघडली. लाल झाकणात कायटोसान.

चिरा दोन्ही हातांच्या भरत आल्यात, आणि जवळजवळ सारख्याच. मावशींच्या तर्जनीवरच्या दोन चिरांपैकी एक पूर्ण मिटली, दुसरीची कड मऊ पडली, आणि तो हात पांढऱ्या झाकणाचा. म्हणजे भरून काढण्याचं काम पेट्रोलियम जेली, ग्लिसरीन आणि रात्रभराच्या विश्रांतीचं.

फरक दिसला तो वेगळ्याच गोष्टीत. पाचपैकी चौघी, एकमेकींशी न बोलता, म्हणाल्या की लाल डबीचं गोधडीला पुसलं जात नाही, चिकचिकत नाही, सकाळी हाताला अजून जाणवतं. एकीचं म्हणणं असं की पांढरं लावलेल्या हाताने रात्री नातवाला घेता येत नाही, लाल लावलेल्याने येतं. पाच जणींवरून मोठं काही सिद्ध होत नाही. पण कप-चाचणीनंतर मनात आलेल्या प्रश्नाचं उत्तर याच दिशेने जातंय: थर पाणी अडवत नाही, पाणी अडवणाऱ्याला जागेवर धरतो. आणि जे चिकट वाटत नाही ते माणूस रोज लावतो.

7 मे
टिकाऊपणा तपासायला 40 अंशांच्या कपाटात ठेवलेल्या डब्या काढल्या. पीएच 5.2. पोत पातळ झालाय. आम्लात आणि उष्णतेत कायटोसानची साखळी हळूहळू तुटते, हे अपेक्षित होतं, पण दोन महिन्यांत इतकं नको. पुढच्या बॅचमध्ये लॅक्टिक आम्ल थोडं कमी, आणि कायटोसानचं द्रावण 72 पर्यंत तापवण्याऐवजी 45 अंशांच्या खाली, शेवटी घालून पाहणार.

लेबलचा मजकूर आज लिहून काढला. 'स्किन बॅरियर' खोडलं. त्या जागी: रात्री स्वच्छ, कोरड्या हातांना लावा. कायटोसानचा पातळ थर मलम हातावर टिकवतो. कोळंबीची ॲलर्जी असल्यास वापरू नका. माहितीपत्रकवाल्यांना कप-चाचणीचे आकडे पाठवले आणि विचारलं की त्यांचा बॅरियर कशाने मोजला होता. विक्रीच्या परवान्याचं काम अजून व्हायचंय, तोवर डब्या फक्त या बायकांपुरत्या.

संध्याकाळी मावशींचा निरोप आला. डबी संपली, लाल पाहिजे. सोबत एक वाटा सोडेही पाठवलेत.